सरकीचा लख्ख पिंजरा

मला स्वच्छतेची फार आवड आहे, असं मी अमळनेरच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांना सांगतो. (घरी सांगत नाही. घरच्यांनी मला पाहिलेलं आहे.) तरीही माझी बायको मयुरी भाच्याच्या जावळासाठी लेकीला घेऊन शिंदखेड्याला माहेरी निघाली, तेव्हा घरचा ससा दोन दिवस मी सांभाळायचा असं ठरलं. ससा म्हणायचं, पण आहे ती मादी. नाव सरकी. आमच्या पुनमचा तिच्यावर जीव आहे आणि माझ्यावर विश्वास नाही, म्हणून जाताना तिने फ्रिजवर कागद चिकटवला : 'गवत भरपूर. पाणी. केळं नखाएवढं. पप्पा, नखाएवढं.'

आता जळगाव जिल्ह्यात राहून घरच्या जनावराला नखाएवढं केळं देणं मला शोभेना. संध्याकाळी मी तिला अख्खं केळं सोलून दिलं. तिने ते इतक्या आवडीने खाल्लं की दुसरंही दिलं, वर माझ्या चहातलं बिस्कीट. गवत कोपऱ्यात तसंच राहिलं.

सकाळी पाहतो तर पिंजरा लख्ख. एरवी तिथे हरभऱ्याएवढ्या लेंड्यांचा सडा असतो, आज एक नाही. लगेच फोटो काढून सासरच्या ग्रुपवर टाकला : 'एका रात्रीत शिस्त. एकही लेंडी नाही.' धडाधड टाळ्या आल्या. मेव्हण्याने 'प्रेमराजजी ग्रेट' असं लिहिलं.

सरकी मात्र पाय पोटाशी घेऊन गप्प बसली होती. कोथिंबीर दिली तर तोंड फिरवलं. तेवढ्यात शेजारच्या भिकुबाई अक्का डोकावल्या.

"आज एकादशी शे," त्या म्हणाल्या. "उपास शे तिना. मुकं जनावर, पन बठ्ठं समजस तिले."

मला भरून आलं. शिस्त, आणि वर धर्म.

मग मयुरीचा फोन आला. "अहो, तिने शेवटची लेंडी कधी टाकली?"

"काल संध्याकाळी," मी अभिमानाने म्हणालो. "त्यानंतर एक नाही."

"खातेय का?"

"उपास आहे."

"दातांचा आवाज येतोय?"

मी कान लावला. बारीक करकर ऐकू येत होती. "हो, काहीतरी चघळतेय."

"चघळत नाहीये, पोट दुखतंय तिचं. सशाची आतडी थांबली की एका दिवसात जीव जाऊ शकतो. धुळ्याला डॉक्टरांकडे न्या. आत्ता."

मागून पुनमचा आवाज आला, "पप्पा, केळं किती दिलं?"

मी म्हणालो, रेंज नाहीये.

सरकीचे कान गार लागत होते. तिला टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरलं आणि धुळ्याच्या एसटीत बसलो. खरं सांगतो, घाबरलो होतो. ही गेली तर पुनमला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं. शेजारच्या सीटवरच्या एका आबांनी विचारलं, "काय व्हयनं तिले?"

"काही होतच नाहीये," मी म्हणालो, "तेच झालंय."

त्यावर निम्म्या एसटीने आपापल्या पोटांचे अनुभव सांगितले. हिंग, ओवा, सोडा, एरंडेल. गवत कुणीही म्हटलं नाही.

डॉक्टर जीनत मॅडमनी सरकीचं पोट हलकेच चाचपलं, नळी लावून ऐकलं. "आतले आवाज फार मंद आहेत. नशीब, काही अडकलेलं नाही. खाणं बंद होऊन किती वेळ झाला?"

"एकादशी असल्यामुळे..."

"तास विचारले मी."

"पंधरा-सोळा."

"त्याआधी काय दिलं होतं?"

"केळं. नखाएवढं."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "कुणाच्या नखाएवढं?"

मी दोन्ही केळी कबूल केली. बिस्कीटही.

दुखणं थांबायचं इंजेक्शन झालं, कातडीखाली सलाईन झालं, मग वाटलेल्या गवताचा लगदा सिरिंजने थोडा थोडा तोंडात. "आता मांडीवर घ्या, ऊब द्या आणि वाट बघा," मॅडम म्हणाल्या. मी बाकावर तीन तास बसलो. पुनम दर पंधरा मिनिटांनी फोनवर विचारायची, "केली का?" मध्येच आमच्या साहेबांचा फोन, रजा कशासाठी म्हणून. मी सविस्तर कारण सांगितलं. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.

साडेचारला माझ्या ऑफिसच्या पँटवर काहीतरी टपटपलं. तीन लेंड्या. बारक्या, वेड्यावाकड्या, पण लेंड्या. माझे डोळे पाणावले. (याआधी दवाखान्यात ते एकदाच पाणावले होते, पुनम झाली तेव्हा.) सरकीने समोरची गवताची काडी ओढली आणि कुरतडायला लागली. मी त्या तिन्ही लेंड्या तळहातावर घेतल्या, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला.

सकाळच्या तिप्पट टाळ्या आल्या. मेव्हण्याने 'शाब्बास सरकी' लिहिलं. सासूबाईंनी देवाला हात जोडले. पुनमने डॉक्टर मॅडमसाठी अकरा लाल बदाम टाकले. मी आपलं नाव शोधत खाली खाली गेलो.

सगळ्यात शेवटी एक मेसेज खास माझ्यासाठी होता, मयुरीचा.

'हात धुवा.'