सीट कोण सरकवतं?

चष्मेवाले घाईघाईने गाडीत बसायला गेले आणि त्यांचे दोन्ही गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट पुन्हा पुढे आली होती.

"अगं, सीट पुन्हा पुढे आलीय! माझ्या गाडीत कोण बसलं होतं?" गुडघा चोळत ते घरात शिरले.

"कोण बसणार?" बायको कपड्यांना इस्त्री करत होती. तिने मान वर केली नाही. "सीटचं लॉक सैल झालं असेल."

"उभ्या गाडीत सैल होतं?"

"आमच्या वॉर्डात खाटा सरकायच्या की आपोआप," पेपरामागून सासूबाई म्हणाल्या. सगळी नोकरी त्यांनी नर्स म्हणून केली होती आणि निवृत्त झाल्यावर त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या.

"त्यांना चाकं असतात, आई."

"मग गाडीला काय असतं?"

चष्मेवाल्यांच्या मनातली पाल मात्र चुकचुकतच राहिली. त्यांच्या चष्म्यांच्या दुकानापाशी गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून ते रोज बसने जात. गाडी अंगणात उभी असे आणि फक्त रविवारी बाहेर निघे. त्यांच्याशिवाय कुणी तिला हात लावायचा नाही, असा घरात दंडकच होता. त्यातून त्यांचा धंदा असा, की समोरचा माणूस "दिसतंय, दिसतंय" म्हणाला तरी त्याला खरंच दिसतंय का, अशी शंका त्यांना यायचीच.

त्यांनी सीटच्या रुळाशेजारी खडूने बारीकशी रेघ ओढली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. दोनच दिवसांनी सीट त्या रेघेच्या चांगली वीतभर पुढे होती. म्हणजे बसणारा माणूस बुटका! गल्लीत सगळ्यात बुटके कोण, तर शेजारचे पोस्टमास्तर. चष्मेवाले थेट कुंपणाच्या भिंतीपाशी गेले.

"पोस्टमास्तर, जरा माझ्या गाडीत बसून बघता का?"

झाडांना पाणी घालणाऱ्या पोस्टमास्तरांच्या हातातली नळी स्वतःच्याच पायावर वळली. "मी? छे छे! मी आपला बाजूच्या सीटवर…"

"बाजूच्या सीटवर?"

"म्हणजे बाजूला राहतो ना मी, म्हणून म्हटलं," असं म्हणून पोस्टमास्तर ओल्या पायांनी घरात पळाले.

आता संशयाला जागाच उरली नाही. पण पुराव्याशिवाय बोलायचं कसं? शेवटी चष्मेवाल्यांनी ठरवलं, की सीट आपल्या मापाला अशी आवळून टाकायची की कुणाच्या बापाला हलणार नाही. मग बघू, त्या चोराचे पाय ब्रेकपर्यंत कसे पोचतात ते!

मुहूर्त मात्र त्यांनी नेमका बायकोच्या मुलाखतीच्या सकाळचा धरला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत तिला मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी बोलावलं होतं आणि ते तिला गाडीने सोडणार होते.

"अहो, आज तरी नको," ती कळवळून म्हणाली.

"पाच मिनिटांचं काम. सगळी हयात स्क्रू पिळण्यात गेली माझी."

"ते चष्म्याचे!"

"स्क्रू तो स्क्रू."

मागचे नट हाताला यावेत म्हणून त्यांनी सीट पार पुढे सारली आणि खाली डोकं घातलं. चष्म्याचा पेचकस नटाला बघून लाजला. मग पोस्टमास्तरांकडून पक्कड आणली. ती देताना पोस्टमास्तर गाडीकडे बघायचं टाळत होते, हेही चष्मेवाल्यांनी टिपून ठेवलं. त्यांनी जोर लावून पिळा दिला. टण्णकन आवाज झाला, एक स्प्रिंग त्यांच्या कानाजवळून उडून कुंड्यांमध्ये गडप झाली आणि सीट सरकवायची दांडी हातात आली. सीट जिथे होती तिथेच, म्हणजे पार पुढे, पक्की बसली. ती खरोखरच कुणाच्या बापाला हलेना.

चष्मेवाल्यांनी स्वतःला आत कोंबून बघितलं. गुडघे कानांशी आले आणि पोटाने हॉर्न दाबला गेला, तो ते बाहेर निघेपर्यंत वाजतच राहिला. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. टॅक्सीवाले फोन उचलेनात. एकाने उचलला, तर तो गावाबाहेर होता.

"वर्षभर तयारी केली हो मी," बायको म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. चष्मेवाल्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सासूबाईंनी पेपराची घडी घातली, चपला पायात सरकवल्या आणि जावयाच्या हातातून चावी घेतली.

"व्हा बाजूला, जावईबापू."

त्या बसल्या. सीट मापून शिवल्यासारखी बसली. त्यांनी आरसा नीट केला, पट्टा लावला, आणि चष्मेवाल्यांचं तोंड उघडंच असताना पर्समधून लायसन्स काढून त्यांच्यापुढे धरलं. फोटोत त्या हसत होत्या. जावयाकडे बघून त्या आजवर एकदाही अशा हसल्या नव्हत्या.

"शि… शिकवलं कुणी?"

भिंतीवरून डोकावणारं पोस्टमास्तरांचं डोकं हळूहळू खाली गेलं.

गाडी अंगणाबाहेर पडली. चष्मेवाले मागच्या सीटवर अंग चोरून बसले होते. सासूबाई गर्दीतूनही अशा सफाईने गाडी काढत होत्या, की चष्मेवाल्यांना चूक काढायला एकही वळण मिळेना.

"मला सांगायचं तरी," शेवटी ते पुटपुटले.

"सांगितलं असतं तर चावी लपवली असतीत," पुढे बसलेली बायको केस नीट करत म्हणाली.

तसं त्यांनी खरंच केलं असतं, म्हणून ते खिडकीबाहेर बघू लागले.

शाळेच्या फाटकापाशी पोचताच बायको उतरून धावत आत गेली. बाहेर आली तीही धावतच. "झाली निवड!" ती म्हणाली आणि तिने पहिली मिठी मारली ती आईला. चष्मेवाल्यांचा नंबर दुसरा लागला.

"उद्याच गॅरेजमध्ये नेऊन सीट सोडवून आणतो," त्यांनी उत्साहाने जाहीर केलं.

"कशाला?" दोघी एकदमच म्हणाल्या.

दुकानासमोर सासूबाईंनी त्यांना उतरवलं आणि काच खाली केली. "संध्याकाळी घ्यायला येते. आधीपासून रस्त्यावर येऊन उभे राहा हं जावईबापू. एकदा पुढे गेले, की मला गाडी मागे घेता येत नाही अजून."

त्या संध्याकाळी चष्मेवाल्यांनी दुकान लवकरच बंद केलं आणि ते रस्त्यावर येऊन उभे राहिले.