सतरावा डबा

सोळा डबे फसले होते. दहावीतली हर्षा बाबांचा मोबाईल डब्यात ठेवायची, आईच्या मोबाईलवरून फोन लावायची आणि डब्यातून रिंगटोनची आरती ऐकू यायची. खरं तर पुठ्ठ्यावर तांब्याच्या तारेची बारीक कडी चिकटवली, की मोबाईलच्या लहरींनी डब्याला वळसा घालून पुढे जायला हवं होतं, जणू तिथे काही नाहीच. पण लहरी ऐकतील तर ना.

"माहा फोन दे वं," फुलांच्या दुकानावर निघालेले बाबा, गोवर्धनभाऊ, रोज म्हणायचे. "गिऱ्हाईक बोंबलून रायले असतीन."

"पाच मिनिटं बाबा. मी शोध लावून रायली."

"रोज पाचच मिनिटं लावतं."

जिल्हा प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी मात्र तिने कडी आणखी बारीक केली आणि सतरावा डबा गप्प राहिला. दहा वेळा फोन लावला. लागलाच नाही. हर्षा घरभर नाचली. विज्ञानाचे शेषराव सर धावत आले, त्यांनी स्वतः लावून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर तिचं नाव झळकलं. अकोल्यातून एकच प्रयोग अमरावतीच्या विभागीय प्रदर्शनाला जाणार होता. या शाळेतून आजवर कुणीच गेलं नव्हतं. हर्षाने बॅगसुद्धा भरून ठेवली.

जिल्हा प्रदर्शनात परीक्षक अनुपमा मॅडमनी फोन लावला. सगळे कान टवकारून उभे. डब्यातून आरती सुरू झाली, तीही अगदी टाळांसकट.

हर्षाने डबा फिरवला. आरती. उलटा केला. आरतीच.

मागे उभे असलेले बाबा खुशीत पुढे आले. "वाजला ना? दोन दिवसांपासून बंदच होता. पॅक संपला होता. सकाळीच रिचार्ज मारला. म्हटलं, पोरीची फजिती नको."

शेषराव सर एकदम छताचा पंखा निरखू लागले.

"हर्षा," मॅडमनी विचारलं, "परवा हा फोन डब्याबाहेर ठेवून एकदा तरी लावून पाहिला होतास का?"

"नाही मॅडम."

मॅडम कांदा निवडायच्या यंत्राकडे वळल्या आणि तिथेच रमल्या. अमरावतीला कांदाच गेला.

घरी जाताना हर्षा डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसली होती. बाबांनी बराच विचार केला.

"मले काल सांगतलं असतं," ते हळूच म्हणाले, "तं रिचार्ज उद्या मारला असता."