जोड लावणारे मास्तर

आमचे शेजारी चिखलीकर मास्तर यांच्यासमोर नुसतं 'चांगलं' म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, "मास्तर, मुलगा चांगला आहे हो," की मास्तर चष्म्यावरून बघत विचारायचे, "कशात चांगला? कुणाशी चांगला? कशासाठी चांगला? पुढचं सांगा की!" बोलणारा निम्म्यातच गार व्हायचा.

मंडईतही तेच. वांगेवाली म्हणाली, "घ्या मास्तर, लई चांगली हायत."

"कशाला चांगली? भरायला, का भाजायला?"

"घ्याची तर घ्या, न्हाय तर फुडं चला. माझी वांगी काय साळंत जायाची न्हाईत!"

मास्तर एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. इंग्रजी विशेषण एकटं कधीच फिरत नाही, त्याच्यामागे ठरलेलं शब्दयोगी अव्यय येतं आणि त्याचा हात धरून नाम येतं, हा त्यांच्या आयुष्याचा सिद्धान्त होता. आता कोल्हापूरच्या पोरांना हे असं सांगून कळणार थोडंच? निम्मा वर्ग पहाटे तालमीत घुमून, अंगाला लाल माती तशीच ठेवून शाळेत यायचा. म्हणून मास्तर त्यांच्याच भाषेत बोलायचे.

"अफ्रेड आखाड्यात उतरला. त्याची जोड कुणाशी?"

"ऑफशी!" वर्ग ओरडायचा.

"आणि गुड?"

इथे मात्र पोरं चपापायची, कारण गुड हा फार वस्ताद गडी. तो अ‍ॅटशीही लढतो, फॉरशीही आणि टूशीही, आणि दर वेळी डाव निराळा. एकदा एका पोरानं 'अफ्रेड टू टायगर' असं लिहिलं. वाघाला भितो, म्हणजे टूच की, असा त्याचा सरळ हिशेब. दुसऱ्यानं 'मॅरीड विथ' लिहिलं. मास्तर म्हणाले, "इंग्रजीत लग्न टू होतं रे, विथ न्हाय. लग्न झालं म्हणजे सोबत मिळालीच, असं इंग्रज धरून चालत न्हाय."

पण या जोडी त्यांना व्याकरणाच्या पुस्तकातल्या चालत नसत. "पुस्तकातला पैलवान आखाड्यात टिकला पाहिजे," असं म्हणून ते खऱ्या बोलण्यातली, खऱ्या लिहिण्यातली जोड शोधत हिंडायचे. संध्याकाळी वाचनालयात मुंबईचं शिळं इंग्रजी वर्तमानपत्र उघडून बसायचे. संस्थान विलीन झालं त्या दिवसांत तिथे नुसती रणधुमाळी. कुणी रडतोय, कुणी पेढे वाटतोय, कोण याला जबाबदार म्हणून दोघेजण एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले. मास्तरांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि म्हणाले, "कोण रिस्पॉन्सिबल ते तुमचं तुम्ही ठरवा. पण पेपरात त्याच्या मागं फॉर आलंय, हे झकास झालं!" त्या दिवशी दोन्ही पक्ष मिळून मास्तरांच्या अंगावर गेले.

मिशनच्या बंगल्यात एक वयस्कर मडम राहायची. तिच्या कुंपणाला लागून मास्तर कान देऊन उभे राहायचे. राखणदारानं एकदा त्यांचा दंडच धरला.

"पावणं, फुलं चोराय आलाय व्हय?"

"न्हाय हो, शब्द न्यायला आलोय."

"ते कुठल्या झाडाचं?"

मिळालेली जोड घेऊन मास्तर तरातरा घरी यायचे आणि दारातूनच हाक मारायचे, "ऐकलंस का!" आमची आणि त्यांची भिंत एकच, त्यामुळे पुढचं सगळं मला घरबसल्या ऐकू यायचं. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. त्या भाजी चिरता चिरता ती जोड दोनदा स्वतःशी म्हणून बघायच्या आणि निकाल द्यायच्या, "हे बसतंय हां." मूलबाळ नव्हतं. दोघांचा हाच संध्याकाळचा संसार होता, आणि तो मला फार आवडायचा.

त्या संसारात एका नवरात्रात ठिणगी पडली. वहिनी नवं इरकली लुगडं नेसून अंबाबाईला निघाल्या होत्या. सोबतीला पेठेतल्या चार बायका दारात उभ्या. वहिनी हौसेनं म्हणाल्या, "चांगलं दिसतंय न्हवं?"

मास्तर जागेवरून म्हणाले, "काय चांगलं? लुगडं, का रंग, का तू? आणि कशासाठी चांगलं, ते सांग की."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गारगोटीला भावाकडे जायची गाडी धरली. जाताना माझ्या बायकोला सांगून गेल्या, "एक सरळ गोड शब्द बोलाय हेंच्या जिभंला काय हुतंय? त्यो ऐकल्याबिगर मी ह्या घराचा उंबरा चढणार न्हाय."

मास्तर म्हणाले, "येईल चार दिवसांत." चार दिवस गेले, दिवाळीही गेली. आमच्या घरून जाणारा फराळ ते निमूट घ्यायचे, "कशात चांगला" वगैरे काही विचारायचे नाहीत. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मग एका संध्याकाळी मास्तर तरातरा आल्याची चाहूल लागली. दारातून खणखणीत हाक आली, "ऐकलंस का!" आणि पुढे काहीच नाही. कितीतरी वेळानं कडी काढल्याचा आवाज आला. मला फार वाईट वाटलं. पुढच्याच रविवारी मीच त्यांना एस.टी.त घालून गारगोटीला घेऊन निघालो.

वाटेत मी त्यांची तयारी करून घेतली. "मास्तर, एवढंच म्हणायचं, तू फार चांगली आहेस. आणि गप्प बसायचं."

"तू फार चांगली आहेस," मास्तर म्हणाले. पुढच्या वळणावर त्यांच्या ओठांवर आलंच, "कशात, पण?" मी कपाळाला हात लावला.

वहिनींचे धाकटे भाऊ भरदार मिशांचे. त्यांनी आम्हांला बाहेरच्या सोप्यात बसवलं, गूळपाणी दिलं. दाराआड वहिनींची काकणं वाजली.

"बोला की दाजी, काय बोलायचं ते," भाऊ म्हणाले.

मास्तरांनी खाकरून घसा साफ केला. मी मनात अंबाबाईला नारळ बोललो. मास्तर म्हणाले,

"लॉस्ट विदाउट."

भाऊ माझ्याकडे वळले. "ही शिवी हाय व्हय ओ?"

पण दाराआडून आवाज आला, "कुठं घावलं?"

"मिशनच्या मडमेकडं. तिचा चष्मा हरवलावता. म्हणाली, आय अ‍ॅम लॉस्ट विदाउट माय ग्लासेस."

वहिनींनी हळूच म्हणून बघितलं, "लास विदौट." मग विचारलं, "म्हंजी काय?"

"म्हंजे चष्मा नसला की तिला काय सुधरत न्हाय. वस्तू समोर असून हाताला लागत न्हाय. घर तिचंच, पण त्यात कुठं बसावं कळत न्हाय."

"तुमचा चष्मा तर नाकावर हाय की."

"चष्मा हाय," मास्तर म्हणाले आणि खाली बघत राहिले.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भावांना मात्र बहिणीची अट पक्की आठवत होती. ते तावातावानं म्हणाले, "आक्का, ह्यात गोड शब्द कुठला आला गं?"

"तुला इंग्लिश येत न्हाय, तू गप बस," वहिनी म्हणाल्या. मग आत वळून भावजयीला हाक मारून म्हणाल्या, "दांडीवरची माझी लुगडी काढ गं. वली असली तर असूंदेत."