गळवलेली माडी

सांगलीच्या गावभागात आपल्याएवढा सहिष्णू माणूस नाही, असं गोपाळकृष्ण सरांचं स्वतःचं मत होतं. त्याला कारण त्यांचा मुलगा राजस. तो शिकायला ऑस्ट्रियातल्या ग्राझला गेला आणि हेल्गाबाई नावाच्या एका वयस्कर बाईंच्या घरात खोली घेऊन राहू लागला. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर सरांनी बाईंना आपल्या घरच्या चालीरीती ऐकवल्या. राजसचं भांडं वेगळं हवं, त्यात मांस-अंडं शिजता कामा नये, आणि देव पूर्वेच्या भिंतीलाच हवेत. बाई प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या. पूर्वेच्या फळीवर त्यांची मेरीची मूर्ती होती. ती त्यांनी जराशी सरकवली आणि शेजारी राजसचा गणपती बसवला.

ही गोष्ट सरांनी ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर इतक्यांदा सांगितली, की मेरी आपणच सरकवली असं त्यांना वाटू लागलं. "धर्म ज्याचा त्यानं पाळावा, पण दुसऱ्याला जागा करून द्यावी!" या वाक्यावर टाळ्या हमखास पडत.

आणि एका दुपारी खुद्द हेल्गाबाईंचा फोन आला. राजस कॉलेजला गेला होता. बाई इंग्रजीत म्हणाल्या, "माझा भाचा लुकास मिरजेला तंबोरे बनवायला शिकायला आलाय. तुमची माडीवरची खोली रिकामी आहे ना? त्याला राहू द्याल?"

सरांच्या डोळ्यांसमोर माडीच्या बरोबर खालचं देवघर आलं, शेजारचं स्वयंपाकघर आलं, आणि तो मुलगा वर बसून काय काय खाईल तेही आलं. तोंडातून शब्द निघून गेले, "दिली असती हो, पण छप्पर गळतंय. कौलं फुटलीत. भिंती ओल्या आहेत."

"अरेरे," बाई कळवळल्या आणि फोन ठेवला.

"गळतंय?" उमाताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "कुठं गळतंय?"

"एका वाक्यात विषय मिटला ना? मग झालं."

विषय मिटला नव्हता. दुसऱ्याच दिवशी लुकासचा निरोप आला. तो मूळचा सुतार होता. रविवारी हत्यारं घेऊन येतो, छप्पर दुरुस्त करून देतो, काळजी करू नका, असं त्यानं कळवलं होतं.

"आता?" उमाताईंनी विचारलं.

आता छप्पर गळायलाच हवं होतं. सरांनी शेजारच्या गुंडाला हाक मारली. गुंडा लष्करातून निवृत्त झालेला हवालदार. त्यानं शिडी आणली, वर बघितलं, मग सरांकडे बघितलं.

"आवं सर, लोक गळकं छप्पर नीट कराया बोलवत्यात. तुमी चांगलं छप्पर गळवाया बोलवताय व्हय?"

"हळू बोल रे. दोन-तीन कौलं काढ, दिसण्यापुरतं."

"पर कशापायी?"

"पाहुणा येणार आहे."

गुंडानं यावर बराच विचार केला. "आमच्याकडं पावना यायचा म्हणलं की घर सारवत्यात," तो म्हणाला आणि वर चढला. पण अर्धवट काम त्याला पलटणीत कुणी शिकवलं नव्हतं. दोन कौलांच्या जागी डझनभर कौलं खाली आली, कौलांखालची एक लाकडी रीपही मोडली. भिंत ओली दिसावी म्हणून सरांनी बादली वर नेली आणि भिंतीवर पाणी मारलं. ओल नीट दिसेना म्हणून आणखी एक बादली मारली. माडीची जमीन फळ्यांची. पाणी फटींतून खाली उतरलं आणि उमाताईंचा आवाज वर आला.

"अहो, पुरे! देवांच्या डोक्यावर पडतंय ते! सकाळी अभिषेक झालाय त्यांचा!"

सर धावत खाली गेले. समई विझली होती, बाळकृष्ण ताम्हनात तरंगणाऱ्या फुलांत आडवा झाला होता, आणि आयुष्यभर सोवळ्यात सांभाळलेली पोथी चिंब झाली होती. सरांनी बाळकृष्णाला उचलून उपरण्यानं पुसलं. त्याच्याकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

रविवारी लुकास आला. उंच, लाजरा पोरगा. चपला त्यानं फाटकातच काढल्या. स्वयंपाकघर कुठं आहे ते विचारून घेतलं आणि दिवसभर त्या बाजूला फिरकला नाही. दुपारी परसात पेरूच्या झाडाखाली बसून त्यानं आपल्या डब्यातली भाकरी-भाजी खाल्ली. उमाताईंनी चहाची किटली माडीवर आणली, तेव्हा त्यानं पिशवीतून आपला कप काढून पुढं धरला.

"मी माझा आणलाय," तो हसून इंग्रजीत म्हणाला. "मावशीनं सांगितलं, तुमच्यात भांडी वेगळी असतात. राजसचं तिच्याकडे वेगळं आहे ना, तसं."

उमाताईंनी त्याच्या हातातून तो कप काढून घेतला आणि घरातल्या कपात चहा आणून दिला. सरांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरांना जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. पण जमीन फळ्यांची आणि अजून ओलीच.

संध्याकाळपर्यंत लुकासनं नवी रीप ठोकली, कौलं अशी बसवली की माडी पूर्वीपेक्षा चांगली दिसू लागली. सरांना राहवेना. त्यांनी त्याचा हात धरला. "लुकास, खोली आता तुझी. आजच सामान घेऊन ये. काय हवं ते खा, कुठंही बस."

लुकास गोंधळला. "मला? मला खोली पहिल्याच दिवशी मिळाली. माझ्या उस्तादांनी त्यांचीच माडी दिली."

"मग तू इथं कशाला आलास?"

"मावशी म्हणाली, राजस इतक्या लांब आहे, त्याच्या आईबाबांचं घर गळतंय. त्यांना हाताशी मुलगा नको का?"

रात्री राजसचा कॉल आला. त्याच्या मागं ती फळी दिसत होती, गणपती आणि मेरी शेजारी शेजारी. हेल्गाबाई लांबूनच हात हलवत होत्या.

"बाबा," राजस हळू आवाजात मराठीत म्हणाला, "माडीवरची माझी खोली कधीच गळत नव्हती."

सर म्हणाले, "बाईंना खरं काय ते सांगून टाक. माझी लाज वाटते मला."

"नाही सांगणार. मला याच घरात राहायचंय, बाबा. रोज त्यांच्या हातचं जेवतो मी."

हेल्गाबाईंनी काहीतरी विचारलं. राजसनं जर्मनमध्ये उत्तर दिलं. बाईंचा चेहरा फुलला.

"काय सांगितलंस?"

"तुम्ही आभार मानताय म्हणून," असं म्हणून राजसनं फोन ठेवला.

फोन खाली ठेवतात न ठेवतात तोच पुन्हा वाजला. कट्ट्याचा सेक्रेटरी धैर्यशील होता. "सर, उद्याच्या सभेत तुमचंच भाषण. ती मेरीची गोष्ट परत एकदा होऊन जाऊ दे. नवे सभासद आलेत."

"उद्या?" सर चाचरले. "उद्या नाही जमायचं. माझा... माझा घसा बसलाय."

उमाताई देवघरात वाळलेल्या पोथीची पानं सुटी करत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मग गुंडाभाऊंना बोलवू का? बसवून देतील."