दीडशेपासूनच्या दमणीची हकीकत

श्री. गावची माउली साक्ष आणि आमचे दोन डोळे साक्ष. ऐकिवातले अक्षर यात नाही. शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सर, माघमास. खर म्हणजे गाढव, हे जोशीबुवांनी पाडव्यासच सांगितले होते, तेव्हांच सावध व्हावयाचे, ते जाहलो नाही. ते समयी गादीवर आमचे चिरंजीव हैबतराव, मिशीने जून आणि बुद्धीने कोवळे, आणि कारभार आम्ही पाहत होतो. आमचे अक्षर बेताचे, नजर बेताची नाही. तो घाटाखालून जासूद आला की, कन्या अंबूताई इजला सातवा सरत आला, पहिलटकरीण आहे, पुनवेस आठवा लागतो, आणि आठव्यात गर्भारणीस वाटेस काढीत नाहीत, तरी पुनवेचे आत घेऊन जाणे. वर विहीणबाईंचा निरोप की, तुमचे राज्यात धड गाडी नाही ऐसे ऐकितो, नसल्यास बाळंतपण इकडेच करू. हे ऐकून अंगाची लाही जाहली. त्या घरी मागील साली थोरली सून बाळंतपणात गेली, सुईणीस बोलवावयास कोणाचा पाय उचलला नाही; तेथे लेक ठेवणे आम्हास होणे नाही. परंतु गाडीची गोष्ट खरी होती. आमची दमणी, म्हणजे छताची बैलगाडी, तिचा कणा भर बाजारात आम्हासकट मोडला होता, आणि लोकांनी आम्हास उचलिले ते आम्ही विसरणार नाही.

मग नवी दमणी घ्यावयाची ठरली आणि आम्ही, हैबतराव आणि गाडीवान सटवाजी ऐसे गाडीबाजारात गेलो. पहिले दुकान बाळोजी शेट्याचे. दारावर फळी, फळीवर झेंडूची माळ, आणि हातभर अक्षरांत लिहिले की, दमणी रुपये दीडशे. आम्ही अक्षरास अक्षर लावून वाचले आणि मन संतोषले, आणि तेथूनच जासूद उलटा धाडिला की, विहीणबाईंस सांगणे, नवी दमणी निघाली. जासूद दौडत गेला आणि मग वारा आला आणि माळ हलली आणि माळेमागे मुंगीएवढे अक्षर निघाले, पासून. आम्ही विचारिले, "शेटे, हे पासून काय?" शेटे हात जोडून बोलिले, "बाईसाहेब, दीडशेपासून." "पासून आहे तर पर्यंत कोठे आहे?" शेटे हसले आणि बोलिले, "पर्यंत ज्याच्या त्याच्या हौशीवर." ऐसे उत्तर आम्ही जन्मात ऐकिले नव्हते.

मग शेटे दाखवीत चालले. छत मूळ किमतीत, छताखालची गादी निराळी. आम्ही म्हटले, "मग छताखाली काय वांगी ठेवावयाची?" शेटे बोलिले, "कित्येक ठेवितात." पडदा निराळा, पडद्याची दोरी पडद्याहून निराळी. घुंगूर मात्र फुकट, ते हवे तितके घ्या. इतके होईतो हैबतराव पुढे गेले होते आणि एका पितळी मोरासमोर उभे राहिले होते. गाडी चालली म्हणजे मोर मान हलवितो. हैबतराव बोलिले, "आईसाहेब, हा पाहिला का?" आम्ही म्हटले, "पाहिला. दरबारात असे पुष्कळ आहेत, तेथे पगार खातात." मग आम्ही खाली वाकून चाके पाहिली, आणि पाहतो तो उतारावर चाक दाबून धरावयाचे लाकूड कोठे नाही. आम्हास वाटले, दृष्टी गेली. सटवाजीस म्हटले, "तू पाहा." त्याने पाहिले आणि बोलिला, "नाही, आईसाहेब. घाटात ही गाडी बैलांच्या आधी खाली जाईल." शेट्यांस विचारिले तर शेटे बोलिले, "ते हौसेत येते." आम्ही खालीच बसलो. हौसेत! गर्भारणीस घेऊन घाट चढावयाचा आणि उतरावयाचा, चाक आवरणे ही हौस! बरे, म्हटले, हौस तर हौस, ते लाकूड तेवढे लाव, दाम घे. तो शेटे बोलिले, "सुटे मिळत नाही, बाईसाहेब. राजेशाही जोड घ्यावा लागतो, त्यात मोर, आरसा, पानदान, आणि मग लाकूड. जोड म्हणजे आणिक एकशेदहा." हैबतरावांची मुद्रा अशी खुलली की त्यांस तेथेच विकून टाकावे ऐसे मनात आले. आम्ही म्हटले, "मेल्या, जीव वाचावयास आधी मोर घ्यावा लागतो, हा कोणत्या मुलखाचा न्याय?" आणि उठलो.

दुसरे दुकान मुधोजी नाइकाचे. तेथे फळीवर दोनशे, आणि माळ हाताने उचलून मागे पाहिले, काही नाही. नाईक बोलिले, "दोनशे म्हणजे दोनशे. गादी आत, पडदा आत, लाकूड आत. बोलणे नाही." दारात तशीच दमणी उभी, शिसवी, चाकास नवी लोखंडी धाव. सटवाजीने लाकूड ओढून पाहिले तो चाक जागचे हलेना. आम्ही दोनशे काढिले. नाईक बोलिले, "आज नोंदविली, चैत्रात मिळेल." "आणि ही उभी आहे ती?" "ती दाखवावयाची. विकावयाची नव्हे." गाडी आहे, चाके आहेत, दाम आहे, लेक घाटाखाली दिवस मोजीत आहे, आणि गाडी दाखवावयाची! हैबतराव हळूच बोलिले, "आईसाहेब, मग तो मोर..." आम्ही त्यांचेकडे एकवार पाहिले. मग आम्ही पदर खोचिला, दमणीत चढलो आणि गादीवर मांडी घालून बसलो. नाईक धावले, "बाईसाहेब, ही दाखवावयाची आहे!" आम्ही म्हटले, "मग दाखवा. आम्हासकट दाखवा."

मग गिऱ्हाईक येऊ लागले आणि आम्ही दाखवीत राहिलो. कोणी एक पागोटेवाले विचारिते जाहले, ही केवढ्याची, आम्ही म्हटले, "विकत नाहीत. पाहा आणि घरी जा." ते गेले. मग एक नवराबायको आली, त्यांसही तेच. बायको नवऱ्यास बोलिली, "अहो, आत ती म्हातारी पण गाडीबरोबरच मिळते का?" आम्ही म्हटले, "नाही गो, आम्ही जोडात येतो." ऐसे तिसरे प्रहरापर्यंत चालले, नाइकाचे दुकानात गिऱ्हाईक टिकेना, हात चोळून चोळून त्याचे तळवे लाल जाहले. बोलिला, "ही विकली तर लोकांस दाखवू काय?" आम्ही म्हटले, "माझी लेक आठव्यात अडकली तर मी लोकांस तोंड काय दाखवू?" तरी ताठाच, रिवाज रिवाज म्हणे. मग आम्ही सटवाजीस हाक मारिली की, वाड्यावरून आमची वळकटी आण आणि औषधाची डबी आण आणि पिकदाणी आण. पिकदाणी म्हणताच नाईक नरमले आणि बोलिले, "न्या, माते, न्या. वर पाच रुपये हाताळणावळ पडेल." हे ऐकून आम्ही उडालोच. म्हटले, "दिवसभर हाताळिली आम्ही, ती हाताळणावळ तू आम्हास दे!" नाइकाने दोनशे मोजून घेतले आणि पाठ फिरविली.

आम्ही खाली उतरलोच नाही. न जाणो, उतरलो तर पुन्हा दाखवावयाची होईल. तेथेच बैल जोडविले, सुईण आणि शिदोरी वाटेत घेतली आणि घाटाकडे कूच केले. हैबतरावांस मागे ठेविले. दुसरे दिवशी वळणावळणाने उतरताना लाकूड चाकास लागून ऐसे किंचाळे की सुईणीने कानांत पदर घातला, आणि खाली दरी पाहून आमचे बोलणे, जे कधी बंद पडत नाही, ते बंद पडले. विहीणबाई दारात उभ्या होत्या. गाडी पाहिली, बैल पाहिले, गादी दाबून पाहिली, आणि दारातून बाजूस जाहल्या. अंबूताई दोन्ही हातांनी कंबर धरून बाहेर आली आणि आमचे गळ्यात पडली आणि कानात बोलिली, "आई, मला वाटले, तुम्ही येत नाही." तिजला वर घेतले. माघारी, चढ सरल्यावर अलीकडचा उतार लागला, लाकूड पुन्हा ओरडू लागले, तेव्हां ती घाबरून बोलिली, "हे काय ओरडते?" आम्ही म्हटले, "चाक धरून आहे, बाळे. ओरडू दे." मग ती आमचे खांद्यावर निजली, ती वेशीत येईतो उठली नाही. दुसरे दिवशी पुनव.

येणेप्रमाणे दमणी आली, लेक आली, आणि चैत्र वद्यात नात जाहली, उभयता सुखरूप. राज्यात काय काय हौसेत घालून विकतात हे पुढे कळेल त्यास कळो. आता पाळण्यात नात रडते आहे, तिजला घेणे आहे, सबब लिहिणे पुरे.