तयारी आहे, डबा नको

नॉर्डरसिल गावातील नागरिक पर्यावरणासाठी किती जास्त पैसे द्यायला तयार आहेत, हे मोजण्याचे काम मंगळवारी सकाळी गावातल्या एकुलत्या एका सुपरमार्केटच्या दारात सुरू झाले. सहकारी दूध संघाने टाकाऊ प्लॅस्टिक वितळवून चक्क्यासाठी नवा डबा काढला होता. रंग राखाडी, आतला चक्का तोच, किंमत वीस सेंटांनी जास्त. संघाची एक मुलगी टेबल मांडून प्रत्येकाला ओरडून विचारत होती, कारण समुद्रावरून वारा फार येत होता.

ओरडून विचारल्यामुळे उत्तरही ओरडून द्यावे लागे, आणि मागे रांगेत शेजारी उभे असत. पाद्रीबाई 'हो' म्हणाल्या. दंतवैद्य म्हणाला, "हो, तीससुद्धा!" त्यामुळे त्याच्या मागच्या बाईंना चाळीस म्हणणे भाग पडले.

मग थेडा उब्बेन यांची पाळी आली. पोस्टातून निवृत्त झालेल्या, कंजूष, आणि कंजूषपणाची लाज न वाटणाऱ्या.

"नाही," थेडाबाई म्हणाल्या.

"म्हणजे दहा सेंट लिहू का?"

"म्हणजे नाही. हे प्लॅस्टिक आलं कुठून गं? आम्हीच डबे घासूनपुसून धुतले, झाकणं वेगळी केली, प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत भरून दारात ठेवले. फुकट! आता माझाच डबा मला परत विकताय आणि वर वीस सेंट मागताय? उलट तुम्हीच द्या मला काहीतरी."

रांगेत कुणीतरी खोकले. मुलीला हातातल्या नोंदणीच्या यंत्रावरचे 'नाही'चे बटण सापडेना. तोवर ते लागलेच नव्हते.

शनिवारच्या वर्तमानपत्रात मथळा आला : 'नॉर्डरसिल तयार आहे!' खाली बारीक अक्षरात 'एक व्यक्ती वगळता.' नाव छापले नव्हते. छापायची गरजही नव्हती.

थेडाबाईंनी हे हसण्यावारी नेले असते, पण गावाबाहेर, सभासदांना बागेपुरती जमीन भाड्याने देणाऱ्या बागसंघात त्यांचा एक वाफा होता. तीस वर्षे त्यांनी तो कसला होता. लाकडी खोपटे, करवंदासारखी आंबटगोड फळे देणारी झुडपे आणि एक नाशपातीचे झाड. थेडाबाईंना मूलबाळ नव्हते, म्हणून त्या झाडालाच रागवायच्या. वाफ्याचा करार दर शरदात संघाच्या सभेत नवा होई. आणि याच वर्षी दूध संघाने बागसंघाला नवा पाण्याचा पंप देऊ केला होता. अट एकच : सर्व सभासद 'तयार' असावेत.

दरम्यान राखाडी डबे दुकानात आले. ते नजरेच्या उंचीवर मांडण्यात आले. जुने पांढरे डबे सगळ्यांत खालच्या फळीवर, गुडघ्यापाशी ठेवले, म्हणजे ते घेणाऱ्याला वाकावे लागेल. त्या आठवड्यात नॉर्डरसिल गाव कधी नव्हे इतके वाकले. पाद्रीबाईंची कंबर धरली. दंतवैद्याने बायकोला वाकायला सांगितले.

शनिवारी दुपारी थेडाबाई पोचल्या तेव्हा पांढरा डबा एकही उरला नव्हता. रविवारी दुकाने बंद, आणि बागसंघाच्या कॉफीला चक्क्याचा केक त्यांनीच न्यायचा होता. त्यांनी एक शिवी हासडली आणि राखाडी डबा उचलला.

पंधरवड्यात विकला गेलेला तो एकमेव राखाडी डबा होता.

दूध संघात या आकड्यांवर सखोल विचार झाला. तयारी जवळजवळ शंभर टक्के, विक्री एक. तयारी शास्त्रीय पद्धतीने सिद्ध झालेली असल्यामुळे चूक तयारीत असणे शक्य नव्हते. ती त्या 'एक व्यक्ती'त असणार, असे ठरले, आणि संघाच्या ग्राहक-सद्भावना विभागाचे प्रमुख डॉक्टर तामेन स्वतः थेडाबाईंच्या घरी आले.

थेडाबाईंनी चहा केला. खडीसाखर, वर साय. तिथल्या रीतीप्रमाणे तिसरा कप होईपर्यंत पाहुण्याला उठता येत नाही, त्यामुळे डॉक्टरांना सगळे बोलावे लागले.

"बाई, तो डबा तुम्हीच घेतलात ना?"

"पांढरे संपले होते."

"म्हणजे तयार नसताना घेतलात. आकडेवारीच्या दृष्टीनं हे फार गंभीर आहे."

"आणि जे तयार होते त्यांनी घेतलाच नाही, ते गंभीर नाही?"

"छे छे! त्यांची तयारी शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "डबा घेतला की तयारी खर्च होते. न घेतल्यामुळे ती गावात साठून राहिली आहे. मोठा साठा आहे. आम्हाला फार आशा आहे."

"साठ्याचं करणार काय?"

"पुन्हा मोजणार."

तिसऱ्या कपात डॉक्टरांनी नवी योजना सांगितली. तयार नागरिकांना हिरवे कार्ड मिळेल. ते दाखवले की कोणत्याही डब्यावर वीस सेंट सूट.

"पांढऱ्यावरसुद्धा?"

"लोक तेच घेतात, बाई. बक्षीस उपयोगी पडेल असं द्यावं."

सवलतीचा तोटा भरून काढण्यासाठी दोन्ही डब्यांची किंमत वीस सेंटांनी वाढवण्यात आली. कार्डवाल्यांना पांढरा जुन्याच किमतीत पडला. कार्ड नव्हते फक्त थेडाबाईंकडे. अशा रीतीने पर्यावरणासाठी खरोखर वीस सेंट जास्त मोजणारी गावातली एकमेव व्यक्ती तीच उरली, जी तयार नव्हती.

राखाडी डब्यांची मुदत संपली. चक्का डुकरांना गेला. डबे धुऊन, वितळवून त्यांचे पुन्हा राखाडी डबे करण्यात आले आणि नजरेच्या उंचीवर मांडण्यात आले. मध्ये ग्राहकाचा अडथळा नसल्यामुळे पुनर्वापर शंभर टक्के झाला, असे संघाने अभिमानाने कळवले.

सभेच्या आदल्या दिवशी बागसंघाचे अध्यक्ष फोको रेमर्स कुंपणापाशी आले. शेजारचाच वाफा त्यांचा. वीस वर्षे दोघे पत्ते खेळत होते आणि वीस वर्षे एकमेकांवर लबाडीचा आरोप करत होते.

"थेडा, 'हो' म्हणून टाक ना गं बाई. जीभ झिजते का तुझी?"

"तुझ्या पिशवीत काय आहे रे?"

फोकोने पिशवी पाठीमागे नेली. "चक्का."

"कुठला?"

"पांढरा. पण मनानं मी राखाडीच आहे."

"मग मनातच खा!"

"हसू नकोस. उद्या मी करार कसा पुढे नेऊ? पंप जुना झालाय, लोक चिडलेत. म्हणतात, एका बाईच्या हट्टापायी आमचे टोमॅटो वाळतायत. वाफा जाईल तुझा. नोंदणी करून वाट बघणारी माणसं कमी आहेत का? आणि ती सगळी तयार आहेत."

"तू माझ्या विरुद्ध हात वर करशील?"

फोकोने नाशपातीकडे पाहिले. फळे अजून कडक होती. "सगळ्यांनी केला तर मी एकटाच खाली कसा ठेवू, सांग ना."

सभा भरली. डॉक्टर तामेन पाहुणे म्हणून आले होते. आधी पंपाचे चित्र दाखवण्यात आले, मग थेडाबाईंना उभे करून प्रश्न विचारण्यात आला. आत वारा नव्हता, तरीही ओरडूनच.

थेडाबाईंनी सगळ्यांकडे पाहिले. नव्वद सेंटचा चक्का सत्तरला घेणारी ती कार्डधारक तोंडे. त्यांना खूप काही बोलायचे होते. पण तीस वर्षांच्या मातीला कुणाचा हात लागेल, कोणता दीडशहाणा नाशपाती तोडून तिथे झोपाळा बांधेल, तेच डोळ्यांपुढे आले.

"हो," त्या म्हणाल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाद्रीबाईंनी मिठी मारली. करार तिथल्या तिथे नवा झाला आणि हिरवे कार्ड हातात पडले. घरी जाताना थेडाबाईंना रडू येईल असे वाटले होते. तसे काही झाले नाही. त्या 'हो'ला काही वजनच नव्हते, आणि इतकी वर्षे आपण उगाच 'नाही' उचलून फिरत होतो, असे त्यांना वाटू लागले.

शनिवारी त्या सकाळीच दुकानात गेल्या. खालच्या फळीपाशी फोको आधीच वाकलेला होता.

"सरक रे जरा," थेडाबाई म्हणाल्या, आणि वाकल्या.

राखाडी डब्याची विक्री त्या दिवसापासून शून्यावर स्थिर आहे. तयारी पूर्ण शंभर टक्के आहे. आसपासच्या गावांतून शिष्टमंडळे पाहायला येतात, आणि पंपावर तशी पाटी बसवली आहे.

वाचकहो, ही गोष्ट वाचताना तुम्ही थेडाबाईंच्या बाजूने होता, हे मला ठाऊक आहे. सगळेच असतात. तेवढ्याचे काही पैसे पडत नाहीत.