खडूच्या भिंती

मंगळवारी दुपारी मोठ्या साहेबांनी विम्याची फाइल मागितली आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, की आपलं ऑफिस नेमकं कुठे आहे हे कुणालाच सांगता येणार नाही.

माणसं जागच्या जागी होती. टेबलंही होती. पण कपाटं महिन्यापूर्वीच नव्या इमारतीत गेली होती. सुताराने लाकडी आडभिंती उतरवून नेल्या होत्या, अगदी साहेबांच्या केबिनसकट. उरलंसुरलं सगळं दोनशे चौदा खोक्यांत सुतळीने करकचून बांधलेलं होतं. जायचं होतं सोमवारी. तो सोमवार लिफ्ट बसली नाही म्हणून गेला, पुढचा पाण्याच्या टाकीपायी, त्यापुढचा रंग वाळेना म्हणून. आता फलकावर 'पुढील सोमवारी' एवढंच लिहिलेलं होतं. तारीख घालण्याचे कष्ट कुणी घेत नव्हतं.

खोकी बांधली होती जावकताईंनी. आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंद ठेवणं हे त्यांचं काम, म्हणून हे नाव. सव्वीस वर्षं त्या जिन्याखालच्या टेबलावर बसत आल्या होत्या, भर दुपारीही दिवा लावून. त्या काळी खिडकीजवळची जागा मागायची नसते, मिळाली तर घ्यायची असते, असं सगळेच मानत. आणि नव्या जागेच्या नकाशात टेबल क्रमांक अकरा होतं थेट खिडकीला लागून. अकरा म्हणजे जावकताई. निवृत्तीला अकराच महिने उरले होते. एकेक सोमवार चुकला की घरी जाऊन त्या बोटं मोजत.

"फाइल कुठल्या खोक्यात आहे?" साहेबांनी विचारलं.

"पाचवी खोली, डावी भिंत, खालचा कप्पा," जावकताई म्हणाल्या.

"ती खोली कुठे आहे?"

"नव्या ऑफिसात."

"आणि खोकं?"

"ते इथेच आहे की."

बाईंनी प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहिलंच नव्हतं, ते नव्या जागेत कुठे ठेवायचं तेवढं लिहिलं होतं. खोकं जागेवर गेलं की काम झालं, असा त्यांचा हिशेब. चुकीचा नव्हता. फक्त जागा नव्हती, आणि छतापर्यंत रचलेल्या खोक्यांवरची बहुतेक अक्षरं आत दडली होती. शिपाईमामांनी अंदाजाने तीन खोकी फोडली. त्यांतून पडद्यांच्या कड्या, कुणाच्या तरी चपला आणि सात वर्षांची जुनी कॅलेंडरं निघाली.

तेव्हा हेडक्लार्क पुढे झाले. नव्या जागेचा नकाशा त्यांच्या ताब्यात असायचा आणि ते तो जेवतानाही मांडीवर घेऊन बसत, म्हणून त्यांना सगळे नकाशेबुवा म्हणत.

"आपण इथेच खडूने नकाशा काढू. तिथली दोन पावलं म्हणजे इथलं एक. खोकी जागेवर मांडली की फाइल सापडलीच."

"पण नकाशा धरायचा कसा? वरची बाजू कुठली?" मामांनी विचारलं.

"खिडकी खिडकीकडे करा," जावकताई म्हणाल्या, "म्हणजे गोंधळ नको."

त्या मजल्यावर धड उघडणारी खिडकी एकच होती, साहेबांच्या उतरवलेल्या केबिनमधली. तिच्याकडे नकाशा फिरवला आणि संध्याकाळपर्यंत फरशीवर पांढऱ्या रेघांचं ऑफिस उभं राहिलं. विम्याची फाइल पाच मिनिटांत मिळाली. मग टेबलांच्या खणांत जायची खोकी कुठली ते कळावं म्हणून टेबलं हलली, टेबलांमागे माणसं हलली. अकरा नंबर गेलं खिडकीशी. साहेबांची केबिन आली जिन्याखाली.

दोन दिवस जो तो हरवल्यासारखा फिरत होता. रोखपाल रेघ ओलांडायला धजेनात. मामा तर फारच मनावर घेऊन बसले.

"साहेब, तिकडून नको. तिथे भिंत आहे."

"कुठाय भिंत?"

"ही काय. दार पलीकडे आहे."

साहेब खाली बघत वळसा घालून गेले. आपण असं का केलं, ते त्यांना संध्याकाळपर्यंत उमगलं नाही.

शेवटी सगळ्यांनी मिळून मुख्य कचेरीला कडक अर्ज लिहिला: दिरंगाईमुळे काम अशक्य झालं आहे, स्थलांतर ताबडतोब करावं. आठवड्याने तिथून एक तपासनीस आले. सगळ्यांनी चेहरे पाडून ठेवले होते. काही सापडत नाही असंच म्हणायचं, हे आधी ठरलं होतं.

तपासनीस नेमके जावकताईंसमोर थांबले. "तीन वर्षांपूर्वी आम्ही तुम्हाला छपराच्या दुरुस्तीबद्दल पत्र पाठवलं होतं. ते दाखवता?"

नकाशेबुवांनी मागून मान हलवली. नाही म्हणा. रोखपालांनी डोळे मोठे केले. जावकताईंनाही कळत होतं, की 'सापडत नाही' एवढे दोन शब्द बोलले की स्थलांतर होणार आणि नव्या जागेतली खिडकी पक्की. पण सव्वीस वर्षांत त्यांच्याकडून पत्र हरवलं नव्हतं, आणि आता हरवलं म्हणायला जीभ उचलेना. त्या उठल्या, दोन दारं पार केली, एका कोपऱ्यातून वळल्या आणि पत्र आणून समोर ठेवलं. सोबत त्याच्या उत्तराची प्रतही.

"मग अडचण काय आहे?" तपासनीसांनी विचारलं.

"ताई, केलंत ना वाटोळं," ते गेल्यावर नकाशेबुवा म्हणाले. बाईंनी पत्र उचलून परत जागेवर ठेवलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, असं त्यांच्या यजमानांनी पुढे सांगितलं.

दहा दिवसांनी हुकूम आला. संपूर्ण नवं ऑफिस जुन्या जागेत व्यवस्थित मावत असल्याने स्थलांतर रद्द. सध्याची मांडणी कायम ठेवून त्याबरहुकूम आडभिंती उभाराव्यात. बाईंनी तो दोनदा वाचला, नोंदवला, पुन्हा वाचला. मग सुतार आला. त्याने कुणालाही न विचारता खडूच्या रेघांवर लाकडं ठोकायला घेतली.

आता साहेब जिन्याखाली बसतात. बसतात म्हणजे टोपी तिथे असते. साहेब स्वतः सकाळी दहालाच पत्रांची चौकशी करायला खिडकीशी येतात आणि तिथेच रेंगाळतात. सहीसाठी माणसं तिकडेच येतात, फोन तिकडेच घेतले जातात, दुपारपर्यंत अकरा नंबरभोवती ही गर्दी.

परवा जावकताईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, समोरचं पत्र डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. मग अगदी हळू म्हणाल्या,

"साहेब, जरा उजेड सोडून उभे राहता का?"

साहेब मुकाट्याने बाजूला सरकले.